खेळाचा संगणक घेताना : प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या आयुष्याचा विचार

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, अशी शंका काही प्राध्यापकांच्या मनात येईल. तिचे उत्तर इतकेच की, आपल्यापैकी पुष्कळ विद्यार्थी संगणकावर खेळ खेळतात, आणि त्यासाठी लागणारा संगणक ही बहुतेकांच्या आयुष्यातली पहिली मोठी खरेदी असते. सत्तर-ऐंशी हजार किंवा लाखभर रुपये ही मध्यमवर्गीय घरात लहान रक्कम नव्हे. अर्थशास्त्राच्या तासाला टिकाऊ उपभोग्य वस्तू, घसारा, सीमान्त उपयोगिता हे शब्द आपण वहीत उतरवून घेतो. दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहिलो की मात्र ते सारे विसरतो आणि विक्रेता जे नाव मोठ्याने घेईल त्यावर भुलतो.

माझ्या एका वर्गमित्राचे असेच झाले. दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांत काम करून त्याने पैसे जमवले आणि एका दुकानातून ‘आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी जाहिरात असलेला संगणक आणला. जाहिरातीत एक अक्षरही खोटे नव्हते. आत होता तो आय-७ ३७७०, म्हणजे २०१२ सालचा, चार कोरांचा प्रोसेसर. आय-७ हे नाव म्हणजे फक्त घराण्यातला मान होय. वय कळते ते पुढच्या आकड्यावरून. ३७७० मधील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. १२१०० मधील १२ म्हणजे बारावी पिढी, आणि ह्या २०२२ च्या सुमारास आलेल्या आय-३ १२१०० ने, म्हणजे घराण्यातल्या सर्वांत धाकट्याने, २०१७ च्या आय-७ ७७०० के ला खेळात मागे टाकले. मग ३७७० ची गोष्टच नको. शिवाय त्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांना एकदाच घ्यायचे आहे आणि सात-आठ वर्षे वापरायचे आहे. दर वर्षी नवे घेऊ शकणाऱ्यांना सल्ल्याची गरज नाही. लॅपटॉपचा विचार येथे केलेला नाही, कारण त्यातले ग्राफिक्स बहुधा बोर्डालाच जोडलेले असते, बदलता येत नाही, आणि मग पुढील निम्मी चर्चा निरर्थक ठरते.

‘टिकणे’ म्हणजे काय?

प्रथम हा शब्द नीट समजून घेऊ. पंखा वा मिक्सर झिजून बंद पडतो. प्रोसेसरची चकती सहसा अशी झिजून मरत नाही. २०११ चे प्रोसेसर आजही सुरू होतात व पत्रे टंकायला उपयोगी पडतात. खेळाच्या संगणकाचे मरण निराळ्या वाटेने येते. कधी तो नव्या खेळापुढे मंद पडतो. कधी वेग पुरेसा असतो, पण स्मृती कमी पडते. कधी नवा खेळ जी करामत मागतो ती करण्याची सोयच त्याच्या अंगी नसते. आणि कधी यंत्र धडधाकट असूनही बनवणारी कंपनी त्याला वाऱ्यावर सोडते. यांतील मंदपणा हळूहळू येतो व सोसता येतो. बाकीची मरणे मात्र एका रात्रीत येतात. दुकानात सगळी चर्चा पहिल्याचीच चालते, हीच गोम आहे.

कामाची वाटणी

खेळाच्या संगणकात प्रोसेसर काय करतो आणि ग्राफिक्स कार्ड काय करते? स्नेहसंमेलनाच्या वेळी आपल्या पटांगणात मोठी रांगोळी काढतात, ती डोळ्यांसमोर आणावी. एक जाणती व्यक्ती खडूने आखणी करते, कुठे मोर, कुठे कमळ, कोणता रंग कोठे, हे ठरवते. मग शंभर मुलीमुले बसून आपापला चौकोन भरतात. आखणी करणाऱ्याचे काम अवघड, पण ते एका मागून एक करावे लागते. भरणाऱ्याचे काम सोपे, पण अफाट. प्रोसेसर हा आखणी करणारा. शत्रू कोठे धावला, दार उघडले की नाही, चेंडू कशावर आपटून कोठे गेला, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक असतात, ते पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवतात.

हे सारे सेकंदाला साठ वेळा व्हावे लागते. म्हणजे एका चित्राला, ज्याला फ्रेम म्हणतात, १६.७ मिलिसेकंद मिळतात. ज्यांना १४४ फ्रेमांचा पडदा हवा, त्यांना अवघे ६.९. दोघे एकाच वेळी, मागेपुढे काम करीत असतात. म्हणून दोघांच्या वेळांची बेरीज न करता त्यांतली मोठी संख्या धरायची. समजा, एका खेळात प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. मग सेकंदाला साधारण ७१ फ्रेमा मिळतील. आता दुप्पट वेगाचे कार्ड आणले, त्याला ७ लागू लागले. पण फ्रेमा १४२ होणार नाहीत, १०० वर अडतील, कारण आता आखणी करणारा मागे पडला. कार्डावर घातलेल्या पैशांतला मोठा भाग वाया गेला. सीमान्त उपयोगितेचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

येथेच पडद्याचा प्रश्न येतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० × १४४० वर ३६,८६,४००. आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्यावर ८२,९४,४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. पडदा मोठा केला की रांगोळी भरणाऱ्यांचे काम वाढते. आखणी करणाऱ्याचे फारसे वाढत नाही. तेव्हा कोणता पडदा घेणार हे आधी ठरवावे, मग कार्ड पाहावे. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा होतो. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी एक प्रयोग करून पाहावा : खेळातील चित्राचा आकार कमी करावा. फ्रेमा वाढल्या तर कार्ड अपुरे. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर.

प्रोसेसर : सावकाश म्हातारा होणारा

१९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झ वेगाने आला. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. अकरा वर्षांत त्रेसष्ट पट! त्या काळात तीन वर्षांचा प्रोसेसर खरोखरच भंगार होता. पण तेथेच घोडे अडले. चकतीवरील ट्रान्झिस्टर लहान होतात तसा त्यांना लागणारा विद्युत्दाबही कमी होतो, म्हणून उष्णता आटोक्यात राहते, असा नियम १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. तो नियम या सुमारास थकला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर करूनही रद्द केला. २०२४ साली बाजारात आलेला इंटेलचा सर्वांत वेगवान प्रोसेसर ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जात होता. वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. अर्थात प्रत्येक ठोक्यात होणारे काम खूप वाढले, हे मान्य. परंतु पूर्वीची झेप गेली ती गेली. खरेदीदाराच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे, कारण आजचा चांगला प्रोसेसर सात-आठ वर्षे सहज पुरतो.

वेग वाढेना तेव्हा कंपन्यांनी कोर वाढवले. चार, सहा, आठ, सोळा. मग सोळा कोरांचा घेतला तर तो दुप्पट टिकेल काय? येथे जीन अम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब उपयोगी पडतो. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कोर वाढवून कमी होत नाही. खेळाच्या आखणीतील ४० टक्के काम असे आहे असे धरा. आठ कोरांनी एकूण वेग २.१ पट होईल; सोळा कोरांनी २.३ पट, आणि अनंत कोर दिले तरी २.५ पटींच्या वर जाणार नाही. आठानंतरचे आठ कोर खेळाला जवळजवळ फुकट जातात. ज्याला चित्रफिती संपादित करायच्या आहेत त्याचा हिशेब वेगळा.

मग आठ हीच संख्या का? ह्याचे कारण दिवाणखान्यातल्या खेळयंत्रांत आहे. मोठे खेळ तयार करायला अनेक वर्षे व प्रचंड पैसा लागतो, आणि ते प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवरही विकायचे असतात. म्हणून खेळ लिहिणारे त्या यंत्रांचे माप डोळ्यांपुढे ठेवतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोर होते, पण दुबळे. नोव्हेंबर २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीच्या झेन २ जातीचे आठ कोर, १६ जीबी सामाईक स्मृती आणि वेगवान एसएसडी आली. या दोन पिढ्यांत सात वर्षांचे अंतर आहे. संगणकाच्या आयुष्याचे पंचांग असेल तर ते हेच. जुन्या पिढीचे यंत्र मागे पडते तेव्हा संगणकावरील किमान अपेक्षाही एकदम चढते. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०२० साली जुन्या यंत्रांसाठीही निघाला होता. २०२३ मध्ये त्याचा विस्तारभाग आला तो प्लेस्टेशन ४ वर आलाच नाही, आणि संगणकावरही साधी हार्ड डिस्क चालणार नाही, एसएसडीच हवी, अशी अट घातली गेली.

याचा धडा २०११ च्या दोन प्रोसेसरांनी दिला. जानेवारीत इंटेलने आय-५ २५०० के आणि आय-७ २६०० के एकदमच आणले. दोघांचेही कोर चार. पण दुसऱ्यात प्रत्येक कोर दोन कामांचे धागे सांभाळी, म्हणजे एकूण आठ. किमती अनुक्रमे २१६ व ३१७ डॉलर. त्या वेळच्या खेळांत दोघांत नावाला फरक होता, आणि शहाणे लोक सांगत की शंभर डॉलर वाचवा. तीन वर्षांच्या दृष्टीने ते खरेच होते. पण प्लेस्टेशन ४ च्या काळातील खेळ अनेक धागे वापरू लागले, तसे २५०० के वर सहा-सात वर्षांनी खेळ अडखळू लागला, आणि २६०० के वाले आणखी काही काळ निवांत राहिले. माझे मत असे की, दीर्घकाळासाठी घेणाऱ्याने आजच्या गरजेपेक्षा एकच पायरी वर जावे. दोन पायऱ्या नव्हेत.

कधी कधी मात्र खेळच अनपेक्षित वळण घेतो. १९९६ साली ‘क्वेक’ हा खेळ आला. तोवर सिरिक्स कंपनीचा ६x८६ हा प्रोसेसर कचेरीच्या कामात पेंटियमच्या तोडीचा व स्वस्त म्हणून खपत होता. क्वेकने पेंटियमच्या दशांश-गणिताच्या विशेष सामर्थ्यावर भिस्त ठेवली, नेमके तेथेच सिरिक्स लंगडे होते, आणि खेळणाऱ्यांत त्याचे नाव बुडाले. भविष्य सांगता येत नाही ते असे.

अलीकडच्या काळात खेळांसाठी सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट कोर नसून जवळची साठवण, म्हणजे कॅश, ही आहे. रॅम ही प्रोसेसरच्या दृष्टीने गावाबाहेरच्या कोठारासारखी. तेथून माल यायला वेळ लागतो. कॅश म्हणजे स्वयंपाकघरातली फडताळे. खेळात प्रोसेसर बराच वेळ माल येण्याची वाट पाहत रिकामा बसतो. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८०० एक्स-थ्रीडी काढला. त्यात चकतीवर दुसरी चकती बसवून तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ एमबी केली. ठोक्यांचा वेग थोडा कमीच होता, तरी तो खेळात कितीतरी महाग प्रोसेसरांच्या बरोबरीने धावला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ७८०० एक्स-थ्रीडी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८०० एक्स-थ्रीडी आले.

आणि येथे मदरबोर्डाच्या खाचेचा, सॉकेटचा, मुद्दा येतो, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने २०१७ मध्ये एएमडीच्या एएम४ खाचेचा साधा बोर्ड घेतला आणि त्यात पहिल्या पिढीचा रायझन बसवला, त्याला पाच वर्षांनी त्याच बोर्डात, बहुतेक ठिकाणी केवळ बायॉस नवे करून, ५८०० एक्स-थ्रीडी बसवता आला. रॅम तीच, बोर्ड तोच, पेटी तीच. इंटेलचे त्या काळातले वर्तन याच्या उलट होते. आठव्या पिढीची खाच मापाने सातवीसारखीच असूनही नवा बोर्ड घ्यावा लागला. पुढे २०२१ च्या खाचेवर बारावी, तेरावी व चौदावी अशा तीन पिढ्या बसल्या खऱ्या, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये खाच पुन्हा बदलली. एएमडीची एएम५ खाच सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि २०२७ व त्यापुढेही तिला आधार देण्याचे वचन कंपनीने दिले आहे. वचन ते वचनच, तरी मागचा इतिहास त्याच्या बाजूचा आहे. म्हणून आज सहा कोरांचा मध्यम प्रोसेसर एएम५ बोर्डावर घेऊन चार वर्षांनी त्याच खाचेत मोठी कॅश असलेला प्रोसेसर बसवणे, ही मला गरिबाला परवडणारी सर्वोत्तम युक्ती वाटते.

जुन्या बाजारातून इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या वर्गातील प्रोसेसर घेणाऱ्यांना एक सूचना. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की, यांतील पुष्कळ प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विद्युत्दाब मागत आणि त्यामुळे त्यांची कायमची हानी होई. ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड बायॉसमधून दिला गेला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण झालेली हानी मायक्रोकोडने भरून येत नाही. तेव्हा मागील मालकाने बायॉस केव्हा नवे केले, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ग्राफिक्स कार्ड : लवकर म्हातारे होणारे

कार्डाचे आयुष्य प्रोसेसरपेक्षा कमी असते, हे गृहीतच धरावे. रंगवण्याचे काम कितीही वाटून देता येते, त्यामुळे येथे गणक वाढवले की वेग वाढतोच, आणि खेळ करणारे तो वेग लगेच खाऊन टाकतात.

स्मृतीचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०७० हे कार्ड ४९९ डॉलरला आले. स्मृती ८ जीबी. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० हे धाकटे भावंड ३२९ डॉलरला आले. त्याची स्मृती मात्र १२ जीबी. वेगाने थोरले जवळजवळ दीडपट. कोणीही ३०७० च घेईल. पण मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ चा पहिला भाग संगणकावर आला, आणि वरच्या दर्जाच्या चित्रपोतांवर थोरले भावंड अडखळू लागले, धाकटे मात्र संथपणे चालत राहिले. असे का व्हावे? ३०७० आपल्या स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला ४४८ जीबी माल उचलते. स्मृती भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो, आणि तेथून बोर्डाच्या मार्गाने तो सेकंदाला फार तर ३२ जीबी येतो. चौदा पट हळू! त्यामुळे सरासरी फ्रेमा ठीक दिसतात, पण मधूनच चित्र गोठते, आणि खेळणाऱ्याला तेच सर्वांत जास्त खुपते.

पुढे तो खेळ दुरुस्त झाला, आणि पोतांचा दर्जा एक पायरी उतरवला की ३०७० आजही चांगले चालते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ८ जीबीची कार्डे एका रात्रीत निकामी झाली असा जो गवगवा होतो तो मला अतिशयोक्त वाटतो. एक्सबॉक्सच्या सिरीज एस या स्वस्त यंत्रात एकूण स्मृती १० जीबीच आहे, आणि तेथे चालण्यासाठी खेळ लिहिणाऱ्यांना हात आखडावाच लागतो. परंतु आज नवे कार्ड, तेही सात वर्षांसाठी, ८ जीबीचे घेणे हा शुद्ध अविचार आहे. दुःखाची गोष्ट अशी की, कंपन्या एकाच नावाने दोन वस्तू विकतात. २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीचेही आहे आणि १६ जीबीचेही. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटीही तसेच. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्येही ३ व ६ जीबी असा भेद होता, आणि ३ वाल्यात केवळ स्मृतीच नव्हे, गणकही कमी घातले होते. तेव्हा खोक्यावरचे नाव हे अर्धेच नाव समजावे. आणखी एक बारकावा : ५०६० टीआय बोर्डाच्या सोळापैकी आठच मार्गिका वापरते. बोर्ड जुना असेल तर वर सांगितलेला चिंचोळा रस्ता आणखी अरुंद होतो.

सोयींचा प्रश्न याहून गमतीदार आहे. मार्च २०१७ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरला आले. ११ जीबी स्मृती, आणि त्या काळी प्रचंड ताकद. जानेवारी २०१९ चे आरटीएक्स २०६० हे ३४९ डॉलरचे, ६ जीबीचे, त्याहून दुबळे कार्ड. पण त्यात प्रकाशकिरणांचा मार्ग काढणारे, म्हणजे रे ट्रेसिंगचे, वेगळे गणक होते. त्या वेळी पुष्कळांनी ह्या सोयीची टिंगल केली, आणि चार-पाच वर्षे टिंगल करणारेच बरोबर होते. पण डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ आला, तो अशा गणकांशिवाय चालतच नाही. मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ ही तसाच. दुबळ्या २०६० वर ते रडतखडत का होईना चालतात. बलवान १०८० टीआय बाहेर बसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणेही थांबवले, केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ठेवल्या.

म्हणून १०८० टीआय घेणारे फसले काय? मला तसे वाटत नाही. २०१७ ते २०२४ अशी सात वर्षे त्यांनी जवळजवळ सारे खेळ उत्तम खेळले. ह्याहून अधिक अपेक्षा कार्डाकडून करणे हा हावरेपणा आहे. नव्या सोयींचा दुसरा लाभ आहे तो आयुष्य वाढवण्याचा. लहान चित्र रंगवून ते गणिताने मोठे करायचे, ह्या युक्तीला एनव्हिडिया डीएलएसएस म्हणते आणि एएमडी एफएसआर. पहिल्या काही प्रयत्नांत चित्र धुरकट येई. २०२० पासून ते सुधारले, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेली सुधारित पद्धत एनव्हिडियाने २०१८ च्या आरटीएक्स कार्डांनाही दिली. सहा वर्षांच्या जुन्या कार्डाला फुकट मिळालेले हे औषध होय. अधल्यामधल्या बनावट फ्रेमा घालून आकडा फुगवण्याची जी दुसरी युक्ती आहे, तिला मी इतका मान देणार नाही; चित्र मऊसूत दिसते, पण बटण दाबल्याचा प्रतिसाद लवकर येत नाही.

पैशांचा हिशेब

आता समजा, कार्डासाठी ऐंशी हजार रुपये आहेत. ते आजच एका बड्या कार्डावर घालून आठ वर्षे काढावीत, की आज चाळीस हजारांचे घेऊन चौथ्या वर्षी ते विकावे आणि पुन्हा चाळीस हजारांचे घ्यावे? मी दुसऱ्या पक्षाचा आहे. चौथ्या वर्षी येणारे मध्यम कार्ड आजच्या बड्याच्या जवळपास पोहोचण्याचा संभव असतो, त्यात नव्या सोयी असतात, हमी नव्याने सुरू होते, आणि चाळीस हजार चार वर्षे बँकेत व्याज मिळवतात. प्रोसेसर व बोर्ड एकदा, कार्ड दोनदा, असे सूत्र म्हणता येईल.

यात धोका आहे तो बाजाराचा. २०२०-२१ मध्ये करोना आणि इथेरियम हे आभासी चलन खणणाऱ्यांची झुंबड, या दोहोंमुळे कार्डे छापील किमतीच्या दुपटीने विकली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत सोडली तेव्हा जुन्या कार्डांचा पूर आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत असा माल फिरला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चकत्या उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले. म्हणून ‘चौथे वर्ष’ म्हणजे नेमके चौथे नव्हे. भाव उतरलेले असतील ते तिसरे, चौथे किंवा पाचवे.

विजेचा खर्च कोणी धरीत नाही. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागत. आरटीएक्स ४०९० ला ४५०. दोन कार्डांत २०० वॅटांचा फरक असेल, रोज चार तास आणि वर्षात ३०० दिवस खेळले, तर वर्षाला २४० युनिट जास्त जळतात. युनिटला दहा रुपये धरले तर आठ वर्षांचे १९,२०० रुपये झाले. शिवाय ती सारी वीज अखेर खोलीत उष्णता होऊन उतरते. चंद्रपूर-नागपूरकडच्या विद्यार्थ्यांना, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे सांगायला नको. यंत्र तापले की स्वतःचा वेग कमी करते, म्हणजे पैसे एका वेगाचे दिले आणि मिळाला दुसराच. तेव्हा हवा खेळेल अशी पेटी, दर दोन-तीन महिन्यांनी धूळ झटकणे आणि चांगल्या दर्जाचा पॉवर सप्लाय यांवर काटकसर करू नये. पॉवर सप्लायवर ‘८० प्लस’ असे लिहिलेले असते. ते विजेच्या काटकसरीचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आज मला घ्यायचे असते, तर १४४० चा पडदा, एएम५ बोर्ड, त्यावर सहा कोरांचा रायझन किंवा ऐपत असल्यास आठ कोरांचा मोठ्या कॅशचा, ३२ जीबी रॅम, आणि १६ जीबीचे मध्यम कार्ड असे घेतले असते. बिलावर कार्डाचे नुसते नाव लिहून घेऊ नये. त्यापुढे ‘१६ जीबी’ ही अक्षरे आणि खोक्यावरचा अनुक्रमांक दुकानदाराच्या हातूनच लिहून घ्यावा, प्रोसेसरचा पूर्ण आकडाही लिहून घ्यावा, आणि रिकामे खोके माळ्यावर जपून ठेवावे. चार वर्षांनी कार्ड विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागते.